कौलं की पत्रा, हे ठरवायच्या आधी

पत्राचा गोषवारा: दक्षिण रत्नागिरीतल्या एका गावात वाचक भगिनीचं सामाईक घर आहे. घराने शंभरी ओलांडली आहे. सागाचे आणि फणसाचे खांब, मधे माजघर, पुढे ओटी, तीन बाजूंनी पडव्या, वर माळा आणि त्यावर मंगलोरी कौलं. छप्पर साधारण चार हजार चौरस फुटांचं. काका-काकू तिथे राहत होते तोवर घर गळत नव्हतं, असं त्या लिहितात. तीन वर्षांपूर्वी ते दोघं मुलाकडे पुण्याला गेले. आता घर गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतं. गेल्या दोन पावसाळ्यांत माजघर, देवघराची भिंत, मागची पडवी आणि नंतर बांधलेल्या संडास-बाथरूमची बाजू अशा चार ठिकाणी गळती लागली. गेल्या वर्षी वरून निळी ताडपत्री घातली. कंत्राटदार म्हणतो, "लाकूड खलास आहे. सगळं उतरवा, लोखंडी सांगाडा करा आणि रंगीत पत्रा घाला." चुलतभावाला वाटतं, आहे त्या कौलांवरच पत्रा चढवून मोकळं व्हावं. काकांना कौलंच हवीत. काय करावं, आणि कौलांचा आग्रह हा नुसता हळवेपणा आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमचं पत्र नीट वाचलं. त्यात पत्र्याचा दर आहे, कौलांचा दर आहे, घरात कोणाचं काय मत आहे तेही आहे. पाणी नेमकं कधी गळतं, एवढंच नाही. पाऊस सुरू झाल्या झाल्या की दोन तासांनी? रोज की फक्त वादळी वाऱ्यात? कंत्राटदारानेही हे विचारल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे औषध ठरलं, पण आजार कोणी तपासलाच नाही.

पत्र ऐन पावसात आलं ते बरं झालं, कारण गळक्या छपराची तपासणी पावसातच होते. मे महिन्यात वर बघणाऱ्याला फुटकी कौलं तेवढी दिसतात. गणपतीत तुम्ही सगळे तिथे असाल. माळ्यावर एक खडू, एक वही आणि चांगली बॅटरी ठेवा. थेंब जमिनीवर कुठे पडतो यापेक्षा तो वर लाकडावरून कुठे सुटतो ते शोधा, तिथे खूण करा. वहीत वेळ लिहा, पाऊस कसा होता आणि वारा कुठून होता तेही लिहा. कौलाखाली शिरलेलं पाणी रिपेवरून, म्हणजे कौलं टेकतात त्या पट्टीवरून, आडवं सरकतं, उतरता वासा लागला की त्याच्या पोटावरून उताराने खाली येतं, आणि खिळा, गाठ किंवा सांधा आडवा आला की तिथे सुटतं. देवघराच्या भिंतीवर जी ओल दिसते तिचं मूळ पाच-सात फूट वर असू शकतं. नेमकं भिंतीवरचं कौल बदलून लोक पुन्हा पुन्हा पैसे घालवतात ते यामुळेच.

वेळेवरून बरंच कळतं. सर आल्याबरोबर धार लागली तर भोक उघडं आहे, म्हणजे कौल फुटलंय, सरकलंय किंवा वानरांनी उचकटलंय. हे सगळ्यांत स्वस्त दुखणं. बराच वेळ संततधार लागल्यावर ठिबकायला सुरुवात झाली आणि पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहिलं, तर कौलांच्या खोबणीत पाला-माती साचून पाणी मागे चढतंय किंवा कौलच जुनं होऊन पाणी पितंय. साध्या पावसात कोरडं, पण नैऋत्येचा वारा सुटला की गळतं, अशी नोंद आली तर कौल शाबूत असू शकतं. तिथे उतार कमी पडलाय किंवा कौलांची एकमेकांतली बसण सैल झालीय. आणि पाऊस नसताना पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नाहीच, आतल्या दमट हवेचं पाणी आहे. तुमच्या ताडपत्रीखाली ते होत असणार. ताडपत्री कौलांना आणि रिपांना वाळू देत नाही. दोन पावसाळे ती तशीच राहिली तर आज धड असलेलं लाकूडही कुजायला लागेल. पाऊस ओसरला की पहिलं काम ती काढायचं.

वही भरली की उन्हाच्या दिवशी माळ्यावर अंधार करून वर बघा. उजेडाची प्रत्येक फट गळतेच असं नाही. पण खडूच्या खुणेच्या वरच्या अंगाला उजेड दिसला तर तिथली कौलं आधी काढून बघा. तरीही संशय राहिला तर दिवाळीनंतर बागेचा पाइप घेऊन छपरावर पाणी सोडायचं, तेही पागोळीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, सुरू करून. एकेका पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटं, एक माणूस आत, एक बाहेर. आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, सुरुवात केली तर सगळं छप्पर भिजतं आणि हाती काही लागत नाही.

तुमच्या चार जागांपैकी एकीचं निदान पत्रावरूनच बरंचसं होतं. संडास-बाथरूमचा स्लॅब. कोकणात अशा घरांना गेल्या तीस-चाळीस वर्षांत सिमेंटची जोडकामं चिकटली, आणि लाकडी छप्पर जिथे सिमेंटच्या भिंतीला टेकतं तो सांधा गळतोच. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. स्लॅब जागचा हलत नाही. मधे गवंड्याने सिमेंटचा उतार करून दिलेला असतो, त्याला एक-दोन वर्षांत केसाएवढी चीर जाते आणि चार महिने तिथून पाणी झिरपतं. वरून कितीही डांबर, कितीही रसायनं थापली तरी ती चीर परत येते. उपाय साधा आहे: भिंतीत खाच पाडून तिच्यात ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ती पत्र्याची पट्टी अडकवायची, ती भिंतीवरून खाली आणून कौलांच्या जोडावर मोकळी सोडायची. भिंत आणि छप्पर वेगवेगळी हलली तरी पट्टी दोघांना झाकते. मागच्या पडवीचं छप्पर मुख्य भिंतीला जिथे मिळतं तिथेही हेच बघा. दोन पाख्यांच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंच्या, बेचक्यात पन्हळीचा पत्रा असेल तर तो गंजून चाळण झालाय का, तेही. छपराच्या मोकळ्या मैदानापेक्षा गळती बहुतेक वेळा अशा कडांना आणि बेचक्यांना असते. संपूर्ण छप्पर बदललं आणि या कडा तशाच ठेवल्या तर नवं छप्परही गळेल.

आता कौलांविषयी. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं होती किंवा गवत आणि माडाची झापं. मंगलोरी कौलाचं सगळं सामर्थ्य त्याच्या खोबणीत आहे. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते म्हणून ते कमी कौलांत आणि कमी वजनात पाणी अडवतं. पण प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी. तुमच्या कौलाच्या मागच्या बाजूला कारखान्याचं नाव किंवा शिक्का असेल, तो वाचा. फुटलेल्या कौलांच्या जागी मिळेल त्या कारखान्याचं कौल घातलं असेल तर ते वरून बसल्यासारखं दिसतं आणि वाऱ्याच्या पावसात गळतं. गोठ्यामागे किंवा पडवीच्या कोपऱ्यात मूळ कौलांची चळत ठेवलेली असायची, ती शोधा. अपुरी पडली तर मिसळ करू नका. एका पाख्याची सगळी जुनी कौलं काढून दुसऱ्या पाख्याची तूट भरा आणि रिकाम्या पाख्यावर एकाच कारखान्याची नवी घाला.

"लाकूड खलास" हे विधान मात्र मी असंच मान्य करणार नाही. कोणतं लाकूड, किती, कुठे? जुन्या घरात कुजतात ती बहुधा टोकं: पागोळीकडची वाशांची टोकं, भिंतीत गाडलेली तुळयांची टोकं, पन्हळीखालचा कोनवासा. मधला सागाचा गाभा कित्येकदा ठणठणीत असतो. दाभण किंवा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वाशाचं टोक टोचून बघा. लोण्यासारखं आत गेलं तर कुजलंय, टणक लागलं तर वरचा काळेपणा नुसता धुराचा आणि वयाचा. भुंग्याची भोकं दिसली तर घाबरण्याआधी खाली काळा कागद पसरून ठेवा. पुढच्या भेटीत त्यावर पिठासारखी ताजी भुकटी असेल तर कीड जिवंत आहे. नसेल तर भोकं आजोबांच्या काळातली असतील. वाळवीच्या मातीच्या नळ्या मात्र दिसल्या की लगेच हालचाल करा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, सुताराकडे नसलं तर इंजिनिअरकडे असेल. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. म्हणजे पाणी थांबवलं की कुजणंही थांबतं.

आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मधे किती झोल आहे तोही मोजा. झोल म्हणजे छप्पर पडणारच, असं नाही. शंभर वर्षांच्या ओझ्याने लाकूड वाकतं आणि मग तिथेच स्थिरावतं. पण झोलाच्या जागी उतार कमी होतो आणि पाणी रेंगाळतं, त्यामुळे तुमच्या माजघरातली गळती तिथलीच असू शकते. आकडा भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो वाढला तर दुखणं सांगाड्याचं आहे.

कंत्राटदाराचा आणि चुलतभावाचा, दोन्ही बेत या सगळ्या माहितीवर तोलून बघू.

कौलांवर पत्रा चढवणं मला अजिबात पटत नाही, हे आधीच सांगतो. पत्रा अडकवायला कौलांना भोकं पाडावी लागतात किंवा कौलांच्या वर वेगळा सांगाडा उभा करावा लागतो. त्याचं वजन आणि त्यावर येणारा वारा शेवटी त्याच जुन्या वाशांवर जातो. खालची कौलं फुटली, वासा कुजला, वाळवी चढली, तरी कोणाला दिसणार नाही. घर वरून नवं दिसेल आणि आतून संपेल.

सगळं उतरवून लोखंड आणि पत्रा, हा बेत तुलनेने प्रामाणिक आहे. पण त्याच्यातला एक हिशोब कंत्राटदार सांगत नाहीत. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, मंगलोरी कौलं साधारण दीडशे लागतात. एक कौल अडीच किलोच्या आसपास धरलं तर तुमच्या चाळीस ब्रासवर सहा हजार कौलं, पंधरा टन वजन. पत्रा दोन टनांच्या आत होतो. हलकं झालं म्हणून आनंद वाटतो, पण तेच वजन वाऱ्याविरुद्ध छप्पर दाबून धरत होतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलंही उडाली, पत्रेही उडाले. फरक असा की कौलं एकेक सुटतात आणि पत्रा सुटला तर मोठा तुकडा होऊन जातो. म्हणून पत्रा घालायचाच असेल तर तो खांबांपर्यंत आणि पायापर्यंत बांधून नेण्याचा तपशील कागदावर मागा. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं आधी गंजतात, स्क्रूखालची रबरी चकती उन्हाने कडक होते. पत्राही देखभाल मागतो. एप्रिलच्या दुपारी त्याखालच्या माळ्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा, बाकी काही सांगायला नको.

मधली वाट आहे आणि हल्ली बरेच जण ती घेतात. सांगाडा दुरुस्त करायचा, वाशांवर पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा कापडासारखा थर टाकायचा, त्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं. चुकून आत आलेलं पाणी त्या थरावरून सरळ पागोळीत उतरतं. रिपा पोफळीच्या किंवा सागाच्या नको असतील तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपच्या चालतात. उभ्या पट्ट्या मात्र वगळू देऊ नका. त्या वाचवून साधं प्लास्टिक थेट रिपांखाली ताणलं तर पाणी रिपेपाशी तुंबतं आणि तुमची ताडपत्रीच पुन्हा आत आली असं होतं. कोणी "खाली पत्रा, वर कौलं" सुचवेल. तेही होतं, फक्त दोन्हींचं वजन सांगाडा पेलेल का हे इंजिनिअरने लिहून द्यायला हवं.

यात तुम्ही गृहीत धरलेली एक गोष्ट मला खटकते. काका होते तोवर घर गळत नव्हतं, असं तुम्ही लिहिता. माझा अंदाज वेगळा आहे: गळत होतं, पण दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात काका माणसं लावून कौलं परतून घेत, फुटकी बदलत, खोबणीतला आंब्याचा पाला काढत, आणि भर पावसात ठिबकलं तर काठीने आतूनच कौल सरकवून देत. त्यांना विचारून बघा. घरात चूल पेटत होती, खिडक्या रोज उघडत होत्या, माळा कोरडा राहत होता. हे छप्पर माणूस धरून बांधलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यातून माणूस गेला आणि तुम्ही सगळे पत्र्याचा रंग निवडत बसलात.

म्हणून हळवेपणाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या भावंडांकडे आहे. दर वर्षी मेमध्ये शाकारणीचे पैसे कोण पाठवेल, गावातल्या कोणाकडे किल्ली असेल, पावसाळ्यात महिन्यातून एकदा खिडक्या उघडून माळ्यावर कोण चढेल? ही तीन नावं वहीत लिहिता आली तर काकांचं म्हणणं शंभर टक्के व्यवहारी आहे; कौलांचं छप्पर तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होतं आणि पुढची पन्नास वर्षं टिकेल. नावं लिहिता आली नाहीत, सगळे एकमेकांकडे बघत राहिले, तर मग नीट बांधलेला पत्रा परवडला. रिकाम्या घरावर दुर्लक्षित कौलं ठेवून चार-पाच वर्षांत सांगाडाच घालवण्यापेक्षा ते चांगलं. माणसं मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, कौलं परतणारे कसबी हात गावोगावी कमी झालेत. म्हणूनच एकट्या तुमच्या घरापुरतं न बघता वाडीतल्या चार बंद घरांनी मिळून एक माणूस ठरवला तर तो टिकतो.

काम करायचं ठरलं तर दसऱ्यानंतर लाकडी बांधकाम कळणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि गावचा जुना सुतार, दोघांना एकाच दिवशी वर चढवा. पत्रा विकणाऱ्याकडून तपासणी करून घेऊ नका. दिवाळी ते होळी हा कामाचा काळ. अवकाळीचा भरवसा नसतो, त्यामुळे एका वेळी एक-दोन खणच उघडायचे. कौलं उतरवताना दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवा. एक बाजू रिकामी आणि दुसरीवर सात टन, असं झालं की जुने सांधे एका अंगाला कलतात. उतरवलेली कौलं माळ्यावर रचू देऊ नका, अंगणात न्या. धिरे, म्हणजे टेकू, द्यायचे ते माळ्याच्या फळ्यांवर नव्हे, थेट जमिनीपर्यंत. कुजलेला वासा पूर्ण बदलायची गरज नसते. टोक कापून नवा तुकडा जोडता येतो किंवा शेजारी जोडवासा घालता येतो. नवं लाकूड वाळलेलंच घ्या. ऐन, किंजळ, साग, जे सुतार सांगेल ते, भेरल्या माडाचे वासेही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. तुळईचं टोक जांभ्याच्या भिंतीत बसवताना भोवती सिमेंट ठासू नये, चुना किंवा माती वापरून हवेला थोडी जागा ठेवावी. सिमेंटने पाणी आत कोंडतं. तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी एक सूचना: कोणाच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, घासू नका, त्यांवर पाय तर अजिबात देऊ नका. ते पायाखाली अचानक तुटतात.

घर सामाईक आहे, तेव्हा नमुना आठच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या, उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांची लेखी संमती काम सुरू होण्याआधी घ्या आणि खर्चाची वाटणी त्याच कागदावर लिहा. ज्याने जास्त पैसे घातले त्याचा हिस्सा आपोआप वाढत नाही, आणि हे आधी बोललं गेलं नाही तर छप्पर दुरुस्त होतं पण पुढच्या गणपतीला दोन चुली मांडल्या जातात. छपराचा आकार, उंची बदलणार असेल तर ग्रामपंचायतीत आधी विचारा.

शेवटचं, कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकाबद्दल. त्यात "जुनं सामान" असं काही लिहिलंय का ते बघा. नसेल तर विचारा, उतरवलेलं लाकूड कोणाचं? शंभर वर्षांच्या सागाला शहरात चांगलं गिऱ्हाईक आहे, आणि जे लाकूड खलास म्हणून उतरवलं जातं त्याच्या चौकटी आणि टेबलं होऊन विकली जातात. उतरलेला प्रत्येक नग मोजून मालकाच्या ताब्यात राहील, हे कलम करारात घाला आणि मग त्याच कंत्राटदाराला लाकूड पुन्हा एकदा बघायला सांगा. किती वासे अजून चालतील, याचा आकडा तेव्हा वेगळा येईल असा माझा अंदाज आहे.